मदत हवी आहे: दीर्घिकांच्या फोटोंसाठी आधी गाईडिंग घेऊ की फिल्टर? (सातारा)

मंडळी, ग्रहांचं कौतुक करून झालं, आता दूरच्या दीर्घिकांचा नाद लागलाय. हाताशी पंचवीसेक हजार आहेत आणि एवढ्यात आणखी मिळणार नाहीत (घरून तसं स्पष्ट सांगण्यात आलंय). म्हणून खरेदीआधी इथे विचारतोय.

सामान: सहा इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), फोकल लेंग्थ ७५० मिमी. ईक्यू ५ माउंट (दुर्बिणीची फिरती बैठक), एकाच अक्षाला मोटार, गोटू (तारा आपोआप शोधून देणारी सोय) नाही. कॅमेरा जुना कॅनन १२००डी, मॉडिफाय न केलेला. गाईडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक आपोआप सुधारणारी सोय) नाही. स्टॅकिंग (अनेक फ्रेम एकावर एक रचणं) डीपस्कायस्टॅकरमध्ये, पुढचं सिरिलमध्ये.

सातारा शहरातून काही खरं नाही, हायवे आणि एमआयडीसीच्या उजेडात पूर्वेचं आभाळ धुऊन निघतं. कास पठार सुचवू नका. रात्री गव्यांच्या वाटेवर एकट्याने बसायची माझी छाती नाही, शिवाय वाऱ्याने नळी हलत राहते ते वेगळंच. त्यामुळे मामाच्या शेतावर जातो, खटाव तालुक्यात, वडूजच्या अलीकडे. तिथलं आभाळ झकास आहे. फक्त थ्री फेज रात्रीची असली की शेजारचे आप्पा बॅटरी मारत पाण्याची मोटार चालू करायला येतात आणि "काय दिसतंय रं?" म्हणून तीच बॅटरी दुर्बिणीच्या तोंडात मारतात. तेवढ्या फ्रेम गेल्या. पेटीवरच्या एलईडीवर मी बारदान टाकतो, आप्पांवर काय टाकणार?

आता अडचण. एम ५१ (सप्तर्षीतल्या मरीचीजवळची दीर्घिका) ३० सेकंदांच्या फ्रेमवर, आयएसओ ८००, एकूण दोन तास घेतली. सर्पिल हात दिसतात, शेजारची छोटी दीर्घिकाही दिसते. सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षांवरची गोष्ट आपल्या कॅमेऱ्यात आल्याचा आनंद आहेच. पण हात पुसट, आणि फोटो ताणला (पुसट भाग उजळवले) की मागे तिरक्या रेघांची जाळी उमटते. फ्रेम ६० सेकंदांची केली की तारे लांबुळके होतात. सगळ्याच फ्रेममध्ये नाही. काही छान गोल, मग काही ताणलेले, पुन्हा गोल. सिंह राशीतलं त्रिकूट (एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८) त्याच रात्री घेतलं तर तिथे हाच प्रकार जास्त. एकच माउंट, एकच रात्र, मग असं का?

ध्रुवाचंही दुखणं आहे. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशांवर. मामाच्या बांधाला उत्तरेला चिंचा, आणि त्या चुकवल्या तरी मार्च-एप्रिलात खालचा पट्टा धुरळ्याने मळकट. कुणी उसाचं पाचट पेटवलं असेल तर विचारूच नका. त्यामुळे पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) होकायंत्र आणि अंदाजपंचे.

ज्या दुकानातून दुर्बीण घेतली तिथले म्हणतात, लाइट पोल्युशन फिल्टर घ्या, फोटो सुधारेल. एक मित्र म्हणतो गाईडिंग. दोन्ही बसणार नाही. काय करू?

प्रतिसाद

फिल्टर अजिबात नको. बरेच नेब्युला (तेजोमेघ) ठरावीक रंगांत चमकतात, म्हणून तिथे नॅरोबँड फिल्टर कामाला येतो. दीर्घिकेचा उजेड बहुतांशी ताऱ्यांचाच, म्हणजे सगळ्या रंगांचा. फिल्टर आभाळासोबत तोही खाणार. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या काळात थोडा फरक पडायचा, पांढऱ्या एलईडीपुढे तेवढाही नाही. तुम्ही वडूजला जाता तोच तुमचा फिल्टर.

तारे गोल, मग लांब, मग पुन्हा गोल, हे वर्म गिअरचं (माउंट फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरचं) लक्षण आहे. ईक्यू ५ च्या वर्मचा एक फेरा साधारण दहा मिनिटांचा, फ्रेमच्या वेळा लावून बघा, तोच ताल सापडेल. ताण पूर्व-पश्चिम असेल तर नक्कीच तो. ध्रुव चुकला असता तर तारे एकाच दिशेने संथ सरकत गेले असते. आणि एम ५१ खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला ४७ अंशांवर आहे, सिंहेचं त्रिकूट १३ अंशांवर. ध्रुवाकडे जाल तसं ताऱ्यांना तेवढ्याच वेळात कमी अंतर कापावं लागतं, म्हणून मोटारीची तीच चूक तिथे लहान दिसते. एम ५१ वर सुमारे दोन तृतीयांश, त्रिकुटावर जवळजवळ पूर्ण.

तेव्हा छोटी गाईडस्कोप आणि मोनो गाईड कॅमेरा घ्या. पीएचडी २ हे गाईडिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातल्या ड्रिफ्ट अलाइनने (ताऱ्याचं सरकणं बघून) ध्रुव न बघता अलाइनमेंट होते. त्यासाठी एक तारा मध्यमंडलाजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) घ्या, एक पूर्वेला किंवा पश्चिमेला खाली. चिंचा राहू द्या. रेघांची जाळी डिथरिंगने जाईल, म्हणजे दर काही फ्रेमनंतर दुर्बीण किंचित सरकवायची. गाईडिंग येईपर्यंत हँडसेटचं बटण दाबून सरकवा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. एक भर: तुमच्या सेटअपला एका पिक्सेलला सुमारे १.२ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक) बसतात, म्हणजे एम ५१ जेमतेम साडेपाचशे पिक्सेलची. त्यापेक्षा दक्षिणेकडे बघा. युरोपवाल्यांना ज्या दीर्घिका क्षितिजाला टेकलेल्या दिसतात त्या आपल्याकडे चांगल्या वर येतात. हस्त आणि चित्रा यांच्यामधली एम १०४ साठ अंशांवर जाते, एम ८३ बेचाळीसवर. नरतुरंगातली सेंटॉरस ए सुद्धा २९ अंशांपर्यंत चढते. वळीव सुरू व्हायच्या आत उरका.

आप्पांना एकदा आयपीसमधून शनी दाखवा, बॅटरी आपोआप बंद होईल.

धागाकर्ता

फ्रेमच्या वेळा लावून बघितल्या. दहा मिनिटांचाच ताल आहे! फिल्टर रद्द. पण गाईड कॅमेरा माउंटला जोडायला एसटी-४ पोर्ट (गाईडिंगचे इशारे घेणारी खाच) लागतो ना? माझ्या हँडसेटवर टेलिफोनच्या पिनेसारखी एक खाच आहे, बाजूला काहीही लिहिलेलं नाही. सरळ जोडून बघू का?

प्रतिसाद

सरळ जोडू नका. तशीच खाच कधी कधी मोटारीच्या केबलची असते आणि तिच्यात व्होल्टेज असतं, कॅमेरा जळेल. आधी मल्टिमीटर लावा आणि हँडसेटच्या मागचा मॉडेल नंबर इथे टाका. पोर्ट नसला तर मोटार किट बदलावी लागेल, आणि त्याचे पैसे धरूनच गाईड कॅमेरा निवडा.