बास्टेट: मांजरांवरची माया की मांजरांचा धंदा?

निलमोहर
"इजिप्तमध्ये मांजरं देव होती, हे ती अजून विसरलेली नाहीत" हे स्टेटस आता पुरे, आणि बास्टेट या इजिप्तच्या मांजरदेवीचं कौतुकही. १८८८ मध्ये इजिप्तमधल्या बेनी हसनला मांजरांच्या ममींचा प्रचंड साठा सापडला. त्यातल्या सुमारे १,८०,००० ममी, म्हणजे १९ टन माल, १८९० मध्ये लिव्हरपूलला खत म्हणून विकला गेला. एवढी मांजरं म्हातारी होऊन मेली? संग्रहालयांतल्या अशा ममींचे एक्स-रे बघा. कित्येक तर पिल्लंच, वर्षाचीही नाहीत, आणि मान मुरगळलेली. देवळापाशी पाळायची, मारायची, पट्ट्यांत गुंडाळून भाविकाच्या हातात द्यायची. ही माया?

मनीची_आई
नाही पटलं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की घरातलं मांजर मेलं की सगळे भुवया भादरून घ्यायचे. दुसरा ग्रीक इतिहासकार डायोडोरस, त्याने तर डोळ्यांदेखत पाहिलं: एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेलं, तर जमाव त्याच्या घरावर चालून गेला. राजाची माणसं मध्ये पडली तरी तो वाचला नाही. धंद्याच्या मालासाठी कोणी असा जीव घेतं का?

निलमोहर
त्याच हेरोडोटसच्या मते कुत्रा मेला तर डोक्यासकट अख्खं अंग भादरायचे. म्हणजे मांजराचा नंबर दुसराच! :)

खापरी
दोघांनाही थोडं थांबवतो. बेनी हसनची देवी पाखेत, बास्टेट नव्हे. बास्टेटचं गाव बुबास्टिस, आजच्या झगाझिगजवळचं तेल बास्टा. आणि बास्टेट मुळात मांजर नव्हतीच. दुसऱ्या राजवंशाच्या दगडी भांड्यांवर ती सिंहिणीच्या तोंडाची आहे. मांजराचं रूप रुळलं ते फार पुढे, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या हजार वर्षांत.
हेरोडोटस सांगतो ती बुबास्टिसची जत्रा मात्र झकास. नावा भरभरून लोक यायचे, बायका खुळखुळे वाजवायच्या, काठावरचं गाव आलं की तिथल्या बायकांची ओरडून टिंगल करायच्या. वर्षभरात पितात त्याहून जास्त वाइन या एका जत्रेत. माणसं ७ लाख असं हेरोडोटस म्हणतो, तो आकडा मी तरी जपूनच घेईन.

मनीची_आई
निलमोहर, नवसाच्या बकऱ्याला आपण हळदकुंकू लावतो, हार घालतो, मग कापतो. तिथे श्रद्धा खोटी असते का? अर्पण केलेलं मांजर आणि घरातलं लाडकं मांजर, दोन्ही एकाच गावात असू शकतात.

निलमोहर
बकरा निदान खरा असतो. मँचेस्टरच्या संशोधकांनी ८००हून जास्त प्राणी-ममी स्कॅन केल्या. २०१५ मध्ये बातमी आली की जवळपास एक तृतीयांश ममींत प्राणीच नाही. चिखल, काटक्या, अंड्यांची टरफलं. भाविकाला चक्क टोपी घातली.

खापरी
त्याच संशोधकांचं म्हणणं वेगळं आहे. ममी करायच्या जागेवर प्राण्याच्या सहवासात आलेली काडीमातीसुद्धा पवित्र धरत असावेत, आणि भाविकांना ते ठाऊकही असेल. फसवणूक हा आपला शब्द.

निलमोहर
बरं, टोपी मागे घेतो. मुरगळलेल्या माना नाही घेणार.

मनीची_आई
नका घेऊ. फक्त बास्टेटची ती ब्राँझची मूर्ती एकदा नीट बघा. मांजराचं तोंड, कोपरावर टोपली, एका हातात खुळखुळा, कधी पायाशी पिल्लं. आणि दुसऱ्या हातात छातीशी धरलेलं छोटं ढालीसारखं काहीतरी असतं. त्यावर डोकं सिंहिणीचं आहे.