जर्दाळूचा बहर पुढे ढकलण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. अमेरिकेतील मिशिगन राज्यात आमच्या परसात जर्दाळूची दोन झाडे आहेत. मार्चमध्ये चार दिवस ऊब मिळाली की कळ्या फुगतात, झाड एप्रिलमध्ये फुलते, आणि दव गोठण्याची भीती मात्र मेपर्यंत टळत नाही. ऐन बहरात पारा उणे ३ अंशांखाली गेला, तर फूल वरून टवटवीत दिसते, परंतु चिरून पाहिल्यास मधला स्त्रीकेसर काळा पडलेला असतो.

मुळाशी जाड आच्छादन घालण्याचा सल्ला वारंवार मिळतो. पण कळी हवेच्या आणि उन्हाच्या उबेने जागी होते, तेव्हा त्याचा फारसा उपयोग होईल असे मला वाटत नाही. अमेरिकेतीलच युटा राज्यात १९७०च्या दशकात तुषार सिंचनाने कळ्या थंड ठेवून बहर पुढे ढकलला गेला, मात्र परसात एवढ्या पाण्याचा निचरा कसा करावा? पानगळीपूर्वी इथेफॉन फवारल्यास पीच आणि चेरीचा बहर काही दिवस पुढे जातो, पण मात्रा जास्त झाली तर खोडातून डिंक वाहू लागतो. (आपल्याकडे डाळिंबाच्या पानगळीसाठी वापरतात तेच हे रसायन.) जर्दाळूवर ते कोणी वापरले असल्यास मात्रा आणि वेळ कृपया कळवावी. की सरळ उशिरा फुलणाऱ्या ‘हार्ग्लो’ वाणाचे कलम बांधणे श्रेयस्कर ठरेल?