फुलं नसली तरी कुसुम बघाच
पळस-पांगाऱ्याच्या फोटोंखाली कोणीतरी लिहिलंय की बहर सरला की झाडात फोटो काढण्यासारखं काही उरत नाही, हे अजिबात पटलं नाही. मार्चच्या आसपास सह्याद्रीत कुसुमाचं झाड दिसलं तर थांबाच, कोवळी पालवी इतकी लालभडक असते की लांबून अख्खं झाड फुललंय असं वाटतं, आणि खरी फुलं म्हणाल तर बारीक, पिवळट-हिरवी, पटकन नजरेतही येत नाहीत. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर सूर्य पानामागे ठेवून काढा, एकेक शीर उजळून दिसते काय सुरेख! मोबाईल असेल तर पानावर टॅप करून ब्राइटनेस जरा खाली ओढायचा, नाहीतर लाल रंग फाटतो, म्हणजे बारकावे जाऊन नुसता लाल डाग दिसतो. फक्त उशीर नको, थोड्याच दिवसांत सगळं हिरवं होतं.