रात्री पायऱ्यांवर उजेड ठेवण्यासाठी सॉकेटमधला एलईडी दिवा पुरेल का?

शाहूपुरीतील गृहिणी:
आमचे घर जुन्या बांधणीचे असून माजघरातून न्हाणीघराकडे जाताना तीन-चार लाकडी पायऱ्या उतराव्या लागतात. सासूबाईंना रात्री उठावे लागते, म्हणून माजघरात झिरो बल्ब रात्रभर चालू असतो. त्याचा उजेड पायऱ्यांपर्यंत पोहोचत नाही आणि झोपलेल्यांच्या डोळ्यांवर मात्र येतो. थेट सॉकेटमध्ये बसणारे, अंधार पडताच आपोआप लागणारे अर्ध्या वॅटचे दिवे मिळतात. त्यांनी विजेची बचत जाणवण्याइतकी होते का, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या घरात ते बारा महिने लावून ठेवणे सुरक्षित आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वायरमन, कसबा बावडा:
तारेचा झिरो बल्ब साधारण १५ वॅट घेतो. तो रोज दहा तास जळला तर महिन्याला साडेचार आणि वर्षाला जवळपास ५५ युनिट होतात. अर्ध्या वॅटचा एलईडी तेवढाच वेळ जळून वर्षाला दोन युनिटही घेत नाही. बिलात फार मोठी रक्कम वाचेल असे नाही. मात्र महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरचा टप्पा महाग असल्यामुळे, ज्यांचा महिन्याचा वापर शंभरीच्या थोडा वर जातो त्यांना ही चार युनिट अधिक मोलाची. तुमचा झिरो बल्ब आधीच एलईडी असेल, तर निव्वळ बचतीसाठी नवा दिवा घेण्यात अर्थ नाही.

या स्वस्त दिव्यांत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टचा दाब एका लहान कपॅसिटरवर उतरवलेला असतो, त्यामुळे आतले भाग थेट लाइनलाच जोडलेले राहतात. म्हणून आवरण तडकलेला दिवा चिकटपट्टी लावून वापरू नये, टाकून द्यावा. दिवा बसवताना सॉकेटमध्ये चरचर आवाज आला किंवा बोर्डाचे प्लास्टिक पिवळे पडलेले दिसले, तर आधी सॉकेट बदलून घ्या. पिना ढिल्या राहिल्या की तिथेच तापायला लागते. ओल उतरणाऱ्या भिंतीवरच्या बोर्डात तो लावूच नये. घरात आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) नसेल तर तो बसवण्याचा खर्च या दिव्यापेक्षा आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

राजारामपुरीतील एक वाचक:
वरील उत्तरात उंचीचा मुद्दा राहिला आहे. आपल्याकडे बोर्ड चार-साडेचार फुटांवर असतात. तिथे लावलेला दिवा डोळ्यांसमोर चमकतो आणि पायरीची कड अंधारातच राहते, शिवाय त्याच्या आडव्या बुडाखाली शेजारची बटणे झाकली जातात ती वेगळीच. पायऱ्यांजवळ जमिनीपासून फूटभर उंचीवर, कोरड्या भिंतीवर एक सॉकेट काढून घ्यावे. समोर कपाटाची पांढरी किंवा आरशाची दारे नकोत, कारण दिव्याचा स्वतःचाच उजेड परतून सेन्सरवर पडला की तो सारखा लागतो आणि विझतो. रंग पिवळसर किंवा तांबूस घ्यावा; निळसर पांढऱ्या उजेडाने झोपेसाठी लागणारे मेलाटोनिन अधिक दबते, त्यामुळे वयस्कर माणसांना पुन्हा झोप लागायला वेळ लागू शकतो.

शाहूपुरीतील गृहिणी:
दोघांचेही आभार. पायऱ्यांजवळची भिंत कोरडी आहे, त्यामुळे तिथे खाली सॉकेट काढून घेईन. फक्त पावसात वीज गेली, तर हा दिवाही विझणार ना?

वायरमन, कसबा बावडा:
होय. घरात इन्व्हर्टर असेल तर नवे सॉकेट त्याच्या लाइनवर घ्यावे, अर्ध्या वॅटचा भार बॅटरीला जाणवतही नाही. नसेल, तर आत चार्ज होणारी बॅटरी असलेला आणि वीज गेल्यावर स्वतः लागणारा दिवा घ्यावा. तो थोडा महाग पडतो आणि त्याची बॅटरी काही वर्षांनी उतरते, म्हणून अधूनमधून सॉकेटमधून काढून तो लागतो का हे पाहत जावे.