उत्तर: थांबलेल्या गाडीत मीटर का पळतो?
वरच्या तक्रारीत म्हटलंय की टॅक्सी सिग्नलला उभी असताना मीटर वाढला, म्हणजे मीटरमध्ये गडबड आहे. तसं नाही. नेहमीच्या टॅक्सीमीटरमध्ये अंतराचा आणि वेळेचा असे दोन दर भरलेले असतात आणि एका ठरावीक वेगाला तो एकावरून दुसऱ्यावर जातो. तो वेग म्हणजे तासाचा दर भागिले किलोमीटरचा दर. समजा किलोमीटरला २० रुपये आणि तासाला २४० रुपये, तर ताशी १२ किमीच्या खाली आकारणी वेळेने, वर अंतराने.

खरी चलाखी चाकात होते (आणि तिकडे कुणी बघत नाही). मीटर चाक फिरल्यावर येणारे पल्स (विजेचे छोटे ठोके) मोजतो. किलोमीटरला किती पल्स, हा आकडा तपासणीत पक्का करून सील लावतात. नंतर ५ टक्के कमी व्यासाचे टायर बसवले की तेवढ्याच रस्त्यात चाक जास्त वेळा फिरतं: सील शाबूत, पण मीटरवरचं अंतर सव्वापाच टक्के जास्त. झिजलेल्या टायरनेही तेच होतं, थोडं कमी.

अ‍ॅपच्या गाड्यांत भाडं कंपनीच ठरवते, सील करण्याजोगं काही नसतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी मूळ भाड्याच्या किती पट घेता येईल यावर मर्यादा असते. त्या नियमात ‘मूळ भाडं’ कशाला म्हटलंय ते आधी वाचा. बुकिंग शुल्क त्याबाहेर असेल तर ते शुल्क वाढवायला कंपनी मोकळी राहते.