करार शिल्लक असताना खेळाडू क्लबला नमवतो तो कशाच्या बळावर?

दादरचा_प्रेक्षक:

नमस्कार. माझा प्रश्न मैदानावरील खेळाविषयी नसून त्यामागच्या व्यवहाराविषयी आहे. मी एका पतपेढीत कर्जाची कागदपत्रे तपासण्याचे काम करतो, त्यामुळे एकदा सही झाली की दोन्ही पक्ष बांधले गेले असे मानण्याची मला सवय आहे. फुटबॉलमध्ये ही सवय वारंवार खोटी ठरते.

स्वीडनचा आघाडीचा खेळाडू अलेक्झांडर इसाक २०२२ मध्ये सहा वर्षांच्या करारावर इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेडमध्ये आला. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यातील तीन वर्षे शिल्लक असतानाही त्याने संघाबरोबर सराव करणे थांबवले, दिलेला शब्द मोडला गेल्याचे निवेदन जाहीरपणे दिले, आणि १ सप्टेंबरला, खिडकी (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरावीक मुदत) बंद होण्याच्या दिवशी, तो १२.५ कोटी पौंडांना लिव्हरपूलला गेला. हॅरी केनच्या बाबतीत २०२१ मध्ये नेमके उलटे घडले. टॉटनहॅमशी असलेल्या त्याच्या कराराचीही तीनच वर्षे उरली होती, त्यालाही जायचे होते, मँचेस्टर सिटीसारखा पैसेवाला ग्राहक समोर होता, आणि तरीही त्याला राहावे लागले.

शिल्लक मुदत सारखीच असताना एकाला दार उघडले आणि दुसऱ्याला नाही, हे कशाने ठरले? आमच्या चाळीच्या पुनर्विकासात शेवटच्या दोन भाडेकरूंनी सही अडवून ठेवली, तेव्हा विकासकाला त्यांच्या दारात जावे लागले होते. खेळाडूचे बळ त्याच जातीचे आहे का?

कलम_सतरा:

आपली चाळीची उपमा अर्धीच लागू पडते. भाडेकरूच्या ताब्यात खोली असते. खेळाडूच्या ताब्यात फक्त त्याचे पाय असतात आणि त्याची नोंदणी क्लबच्या कपाटात असते. नोंदणी हलल्याशिवाय तो दुसरीकडे अधिकृत सामना खेळू शकत नाही. म्हणजे अडवून धरण्याची सोय दोघांनाही आहे, फक्त अडवण्याची वस्तू वेगळी आहे.

मी वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू थोडी विस्ताराने मांडतो. कोणत्याही माणसाला अमुक मालकाकडे काम करच, असा हुकूम न्यायालय सहसा देत नाही. हे तत्त्व इंग्लंडच्या कायद्यात आहे आणि आपल्या १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्येही आहे. त्यामुळे क्लबला दंड करता येतो, पगार कापता येतो, खेळाडूला राखीव संघाबरोबर पळायला लावता येते, पण मनापासून गोल करायला लावता येत नाही. आपल्या पतपेढीत तारण ठेवलेले सोने कर्जदार रुसला म्हणून वजनाने घटत नाही. इथे तारण स्वतःच रुसून बसते आणि दर महिन्याला त्याची किंमत उतरत जाते.

ही परिस्थिती पूर्वी नव्हती. इंग्लंडमध्ये करार संपल्यानंतरही क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे ठेवू शकत असे, आणि दुसरीकडे जाऊ द्यायचे की नाही हे क्लबच ठरवत असे. जॉर्ज ईस्टहॅमने १९६० मध्ये याविरुद्ध खेळणेच थांबवले आणि काही महिने बुचाचे लाकूड विकण्याची नोकरी केली. योगायोग असा की तो क्लबही न्यूकॅसलच होता. पुढे त्याला ४७,५०० पौंडांना आर्सेनलला विकण्यात आले, तरीही त्याने खटला सोडला नाही, आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावर अवाजवी बंधन घालणारी ठरवली. दुसरा आणि मोठा घाव बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोसमानने घातला. १९९० मध्ये त्याचा करार संपल्यावर लिएज क्लबने त्याला जुन्या पगाराच्या चौथ्या हिश्शावर नवा करार देऊ केला आणि फ्रान्समधील डंकर्क क्लबकडे जाण्याची वाटही अडवली. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातील क्लबांना हस्तांतरणाचे पैसे मागता येणार नाहीत. तेव्हापासून प्रत्येक करारावर एक घड्याळ लागले आहे. फिफाच्या नियमांप्रमाणे शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करण्यास मोकळा असतो, म्हणून खरी घासाघीस दोन वर्षे शिल्लक असतानाच सुरू होते.

राहिला प्रश्न करार मध्येच मोडण्याचा. फिफाच्या नियमावलीतील सतराव्या कलमानुसार (माझे इथले नाव त्यावरूनच घेतले आहे) विनाकारण करार मोडणाऱ्याने भरपाई द्यावी लागते. अठ्ठाविसाव्या वाढदिवसापूर्वी करार केला असेल तर पहिली तीन वर्षे आणि त्यानंतर केला असेल तर पहिली दोन वर्षे करार मोडल्यास सामने खेळण्यावर बंदीही येते. अँडी वेबस्टर हा बंदीची ही मुदत उलटल्यावर स्कॉटलंडच्या हार्ट्समधून विगनला गेला, आणि २००८ मध्ये क्रीडा लवादाने त्याची भरपाई दीड लाख पौंडांवर आणली. आता सगळेच असे निघून जातील, अशी भीती तेव्हा क्लबांना वाटली. पण पुढच्याच वर्षी शाख्तार दोनेत्स्क सोडणाऱ्या मातुझालेमच्या प्रकरणात त्याच लवादाने भरपाईचा आकडा १ कोटी १८ लाख युरोंच्या वर नेला, आणि त्या वाटेने जाणाऱ्यांची हिंमत संपली. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासाना दियारा प्रकरणात युरोपीय न्यायालयाने नव्या क्लबलाही भरपाईसाठी जबाबदार धरणारे नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले, त्यानंतर फिफाने नियमांत तात्पुरते बदल केले. माझ्या मते त्याचा खरा परिणाम दिसण्यास अजून काही खिडक्या जाव्या लागतील.

अंधेरी_पूर्व_स्टँड:

वकीलसाहेबांचे विवेचन मान्य, पण मूळ प्रश्नातील ‘नमवतो’ हा शब्द मला मान्य नाही. न्यूकॅसलने ऑगस्टच्या सुरुवातीला लिव्हरपूलचा ११ कोटी पौंडांचा प्रस्ताव फेटाळला आणि महिनाअखेरीस आणखी दीड कोटी पौंड मिळवले. दरम्यान निक वोल्टेमाडे संघात आला, आणि शेवटच्या दिवशी योआन विसाही आला. ज्याच्या हाती पर्यायी खेळाडू आहे आणि ब्रिटनमधील आजवरची सर्वांत मोठी रक्कमही आहे, त्याला हरलेला पक्ष म्हणणे कठीण आहे. इसाकच्या संपाने तो जाणार की नाही एवढे ठरले असेल. किती रुपयांना, हे करारातील तीन वर्षांनी ठरवले.

केनच्या वेळी तिन्ही गोष्टी उलट होत्या. टॉटनहॅमला पटेल असा आकडा सिटीने शेवटपर्यंत पुढे केला नाही. केनच्या जागी उभा करता येईल असा दुसरा माणूस टॉटनहॅमकडे नव्हता. आणि तिसरी गोष्ट बहुतेक वेळा विसरली जाते: केन हा इंग्लंडचा कर्णधार, त्याच क्लबच्या अकादमीत वाढलेला, त्यामुळे महिनाभर घरी बसून वाईटपणा घेण्याची त्याची तयारी नव्हती. संप हे हत्यार सर्वांच्या हातात सारखे बसत नाही. २५ ऑगस्टला त्याने राहत असल्याचे जाहीर केले, आणि दोन वर्षांनी, करारात एकच वर्ष उरले असताना, तो बायर्न म्युनिकला गेला. तिशी गाठलेल्या खेळाडूसाठी, तेही शेवटच्या वर्षात, सुमारे १० कोटी युरो मिळाले, म्हणजे टॉटनहॅमचे तेव्हाचे अध्यक्ष डॅनियल लेव्हींनी तोही सौदा वाईट केला नाही.

आपण हिशेबाच्या क्षेत्रातले आहात, म्हणून एक गोष्ट आपल्याला रुचेल. खेळाडूच्या खरेदीची रक्कम क्लबच्या वहीत कराराच्या वर्षांवर विभागून खर्ची पडते. प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत एकूण १०.५ कोटी पौंडांपर्यंतच तोटा दाखवण्याची मुभा होती. त्यामुळे अकादमीत वाढलेला खेळाडू विकला, तर त्याची वहीतील किंमत शून्य असल्याने आलेली सगळी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. जून २०२४ मध्ये न्यूकॅसलला हिशेब बसवण्यासाठी इलियट अँडरसन आणि यानकुबा मिंते यांना घाईने विकावे लागले, त्यांतील अँडरसन घरचाच मुलगा होता. अशा वेळी खेळाडू काहीही न करता क्लबची बाजू दुबळी होते, कारण समोरच्या क्लबला ३० जून ही हिशेबाचे वर्ष संपण्याची तारीख माहीत असते. अडला हरी कोणाचे पाय धरतो हे सांगायला नको.

कलम_सतरा:

‘नमवतो’ या शब्दाबद्दलची दुरुस्ती मला मान्य आहे. सुटकेच्या रकमेचा, म्हणजे रिलीज क्लॉजचा, उल्लेख मात्र राहून गेला. स्पेनमध्ये १९८५ च्या राजाज्ञेमुळे खेळाडू ठरलेली रक्कम भरून करार संपवू शकतो. म्हणूनच २०१७ मध्ये नेमारसाठी २२.२ कोटी युरो भरले गेले, तेव्हा बार्सिलोनाला नाही म्हणण्याची सोयच उरली नाही. इंग्लंडमध्ये असे कलम दोघांनी मान्य केले तरच असते, आणि मग त्याच्या शब्दांवर सगळे अवलंबून राहते. २०१३ मध्ये आर्सेनलने लुईस सुआरेझसाठी ४ कोटी पौंड आणि वर एक पौंड देऊ केला होता, जणू आहेराच्या पाकिटावर रुपया चिकटवावा तसा. कलमात ४ कोटींचा उल्लेख होता, पण लिव्हरपूलने विकायचे नाही अशी भूमिका घेतली आणि सुआरेझ हंगामभर तिथेच राहिला.

२०२० मध्ये बार्सिलोनात मेस्सीचेही तसेच झाले. हंगामाअखेर विनामूल्य जाण्याची मुभा त्याच्या करारात होती, पण ती १० जूनपर्यंतच होती असे क्लबचे म्हणणे होते. महामारीमुळे हंगाम ऑगस्टपर्यंत लांबला, आणि ७० कोटी युरोंचे कलम पुढे करण्यात आले. ज्या क्लबने आपल्याला घडवले त्याला न्यायालयात खेचणार नाही, असे सांगून तो राहिला. खेळाडूची बाजू कागदावर कितीही भक्कम असली तरी खटल्याला वर्षे लागतात आणि कारकीर्द दहा-पंधरा वर्षांचीच असते, याची जाणीव क्लबांच्या वकिलांना पुरेपूर असते.

कूपरेजचा_जुना_बॅक:

मंडळी, युरोपची चर्चा वाचून आनंद झाला, पण मुंबईचा अनुभवही नोंदवावा असे वाटले. मी ऐंशीच्या दशकात हार्वूड लीगमध्ये एका सार्वजनिक उपक्रमाच्या संघाकडून खेळलो. आमच्याकडे हस्तांतरण म्हणजे राजीनामा. रेल्वे, बँका, तेल कंपन्या, एअर इंडिया यांचे संघ खेळाडूला कायम नोकरी देत, आणि ती नोकरी हाच करार होता. माझ्याकडे दुसऱ्या संघाचा माणूस आला, तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न विचारला की, तिथे निवृत्तिवेतन आहे का? नव्हते, म्हणून मी गेलो नाही. आजच्या भाषेत सांगायचे, तर माझी बाजू मजबूत होती, पण फक्त जागच्या जागी बसून राहण्यापुरती.

त्यानंतर व्यावसायिक क्लब आले. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. तिथल्या मुलांनी कोणाशी वाटाघाटी करायच्या होत्या? २०२५ मध्येही तेच चित्र दिसले. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे चालक यांच्यातील हक्कांचा करार लटकल्यामुळे आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) हंगाम वेळेवर सुरू झाला नाही, आणि काही क्लबांनी वेतन थांबवले. खेळाडूने संप करण्याला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा क्लबला सामना खेळायचा असतो.

तरीही आपल्याकडे खेळाडूने जोर लावल्याचे उदाहरण आहे. अन्वर अलीला दिल्ली एफसीने मोहन बागानकडे चार वर्षांच्या लोनवर, म्हणजे उसना, दिले होते. २०२४ मध्ये ते मध्येच संपवून तो ईस्ट बंगालकडे गेला. महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि तो, दिल्ली एफसी आणि ईस्ट बंगाल यांनी मिळून मोहन बागानला १२ कोटी ९० लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश काढला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणी करण्याचे ठरले, आणि दरम्यान अन्वर ईस्ट बंगालकडून खेळू लागला.

दादरचा_प्रेक्षक:

सर्वांचे आभार. विशेषतः काका, आपल्या वडिलांचा प्रश्न आमच्या घरीही विचारला गेला आहे, आणि खरे सांगायचे, तर माझ्या प्रश्नामागे तेच कारण होते. माझा भाचा सतरा वर्षांचा आहे. एका क्लबने त्याला तीन वर्षांचा करार आणि त्यापुढे ‘क्लबच्या इच्छेनुसार’ आणखी दोन वर्षे, असा मसुदा दिला आहे. एजंट म्हणतो की, पाच वर्षांची निश्चिंती झाली. बहिणीला ते पटले आहे, मला पटत नाही, पण कारण सांगता येत नव्हते.

कलम_सतरा:

कारण आपल्याच पहिल्या प्रश्नात आहे. ती दोन वर्षे मुलाची निश्चिंती नाही, क्लबची आहे: मुलगा चांगला निघाला तर क्लब त्याला जुन्याच पगारावर ठेवील, आणि नाही निघाला तर तीन वर्षांनी सोडून देईल. शिवाय फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूला तीन वर्षांहून अधिक मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही, आणि त्यापुढच्या मुदतीचे कलम मानले जात नाही. तेव्हा ते कलम काढून टाकण्यास सांगावे. ते कलम न निघाल्यास मुदतवाढ दोघांच्या संमतीनेच होईल आणि नवा पगार आधीच आकड्यात लिहिला जाईल, असा बदल मागावा. दोन महिन्यांचा पगार थकल्यास पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार सोडण्याचा हक्क नियमांतच आहे. मसुद्यात त्याला छेद देणारे एखादे वाक्य दडलेले नाही ना, तेही पाहावे. बहिणीला सही करण्याआधी मसुद्याची प्रत मागून घेण्यास सांगा. वाचून पाहण्यास मी तयार आहे, आणि त्यासाठी शुल्क घेणार नाही.

कूपरेजचा_जुना_बॅक:

आणि मुलाला बारावीची परीक्षा द्यायला सुट्टी मिळेल, हे त्यात लिहून घ्या. आमच्या वेळी ते तोंडीच असे, आणि परीक्षेच्या आठवड्यातच उपांत्य फेरी यायची.