खेळवेड्या माणसाने शहर कसं निवडावं?

मंडळी, मदत हवी आहे. नोकरीमुळे शहर बदलतोय, पर्याय दोन-तीन आहेत आणि मी पक्का खेळवेडा. नुसतं मोठं स्टेडियम असून भागतं का? मेलबर्नचं एमसीजी (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) लाखभर प्रेक्षकांचं, पण खरी चैन म्हणजे ते शहराच्या मध्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि शेजारीच ऑस्ट्रेलियन ओपनची टेनिस कोर्टं. जर्मनीत तर अनेक फुटबॉल क्लबांच्या सामन्याच्या तिकिटावरच बस-ट्रामने जाता येतं. (सामन्यानंतर तासभर गाडी अडकली की विजयही कडू लागतो.) उलट अमेरिकेतलं ग्रीन बे जेमतेम लाखभर वस्तीचं, तरी तिथल्या पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे भागधारक सामान्य चाहतेच! मला संघ हरत असतानाही येणारी गर्दी महत्त्वाची वाटते. पण बाहेरच्या माणसाला ती आधी कशी ओळखता येईल? तुम्ही काय पाहता?